‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ : ‘कोसला’तील नास्तिवृत्तीचा भाषिक विचार

१

भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्याविषयी जे लेखन झाले त्यात एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत उपस्थित होत आलेला आहे. कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हा जीवन निरर्थक मानणारा मनुष्य आहे काय, आणि असल्यास त्याच्या ह्या मानण्याला कादंबरीची संमती आहे काय? कोणी ह्या कादंबरीला अस्तित्ववादी ठरविले, कोणी तिच्यात केवळ पराभूत वृत्तीचे दर्शन पाहिले, तर कोणी सांगवीकराच्या उदासीनतेचे खापर त्याच्या वयावर फोडून प्रश्न मिटविला. हे पक्ष परस्परांस विरोधी दिसत असले तरी एका गृहीताबाबत त्यांचे एकमत आहे. निरर्थकता हे सांगवीकराचे एक मत असून ते त्याच्या उद्गारांतून वेचून काढता येते, हे ते गृहीत होय.

हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. एखाद्याने जीवनाला अर्थ नाही असे मत प्रतिपादन करणे वेगळे आणि तशा दृष्टीने रोजचा दिवस घालविणे वेगळे. मत मांडणाऱ्याला ते मांडून झाल्यावर जेवावयास जाता येते. त्या दृष्टीने जगणाऱ्याला जेवणही त्याच दृष्टीने जेवावे लागते. म्हणून अशा मनुष्याची ओळख त्याच्या विधानांपेक्षा त्याच्या वाक्यरचनेच्या सवयींतून अधिक खात्रीने पटण्याचा संभव आहे. ‘कोसला’च्या बाबतीत अशा दोन सवयी प्रत्येक वाचकाच्या कानात बसलेल्या आहेत: ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. ह्या दोन शब्दांकडे आजवर बहुधा शैलीची लकब म्हणून पाहिले गेले. त्यांच्या अर्थव्यापाराचा नीट विचार केल्यास कादंबरीच्या मूळ प्रश्नावर प्रकाश पडतो, असे दिसून येईल.

२

आरंभी संज्ञेचा विचार करणे अवश्य आहे. ‘निहिलिझम’ ह्या पाश्चात्त्य संज्ञेसाठी मराठीत ‘शून्यवाद’ हा प्रतिशब्द बराच रूढ आहे. परंतु तो दोन कारणांनी अडचणीचा ठरतो. पहिले कारण असे की, भारतीय तत्त्वज्ञानात हा शब्द नागार्जुनाच्या माध्यमिक परंपरेशी जोडला गेलेला आहे. तेथे शून्यता म्हणजे काहीच नसणे नव्हे. वस्तूंना परनिरपेक्ष असा स्वभाव नसणे, त्यांचे असणे परस्परांवर अवलंबून असणे, हा त्या शब्दाचा तेथील अर्थ होय. उच्छेदवाद त्या परंपरेने स्पष्टपणे त्याज्य मानला. इतकेच नव्हे तर, शून्यतेलाच एक मत करून जो कवटाळून बसतो तो असाध्य होय, अशा आशयाची ताकीदही नागार्जुनाने देऊन ठेवली आहे. तेव्हा जगण्यात काही अर्थ न वाटणाऱ्या आधुनिक मनुष्याला शून्यवादी म्हणणे हा त्या परंपरेवर अन्याय होतो.

दुसरे कारण ‘वाद’ ह्या उत्तरपदात आहे. वाद म्हटला की पक्ष आला, प्रतिपक्ष आला, युक्ती आली. ज्या मनुष्याला वाद घालण्याचीच इच्छा उरलेली नाही त्याच्या मनःस्थितीला हे उत्तरपद लावणे सयुक्तिक नाही. ह्या ठिकाणी पाणिनीचे साहाय्य होते. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात त्याने आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द एकत्र सिद्ध केले आहेत. ‘नास्ति’ अशी ज्याची मती तो नास्तिक. टीकाकारांनी तेथे परलोकाचा संदर्भ घेतला, आणि पुढे वेद न मानणारा तो नास्तिक असाही अर्थ स्थिर झाला. परंतु व्युत्पत्तीतील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पाणिनी वाद म्हणत नाही, मती म्हणतो. आणि एरव्ही नामाला लागावयाचा प्रत्यय येथे क्रियापद असलेल्या ‘नास्ति’ ह्या उक्तीला लागलेला आहे. मनुष्याच्या ओठांवर वसलेले एक वाक्यच त्याचे विशेषण झाले आहे. हाच धागा धरून, सिद्धान्तरूपाने मांडलेल्या निषेधाला नास्तिवाद आणि जगण्यात मुरलेल्या निषेधाला नास्तिवृत्ती असे म्हणता येईल. ‘कोसला’त शोध घ्यावयाचा तो दुसरीचा.

३

निषेध म्हणजे काय हे भाषेनुसार थोडे बदलते. मराठीत निषेधाची चार रूपे स्पष्टपणे वेगळी राहिली आहेत. ‘घरात तांदूळ नाहीत’ ह्यात अस्तित्वाचा निषेध आहे. ‘तो साप नव्हे, दोरी आहे’ ह्यात तादात्म्याचा निषेध आहे. ‘मला हे नको’ ह्यात इच्छेचा, तर ‘असे करू नये’ ह्यात औचित्याचा निषेध आहे. नास्तिकाची भाषा पहिल्या रूपाची, उपनिषदांतील ‘नेति’ची भाषा दुसऱ्याची, विरक्ताची तिसऱ्याची आणि धर्मशास्त्रकाराची चौथ्याची, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ह्या चारही निषेधांत एक गोष्ट समान आहे. निषेध करणाऱ्याजवळ काहीतरी निश्चित असावे लागते. तांदूळ नाहीत असे म्हणणाऱ्याला तांदूळ कशाला म्हणतात हे ठाऊक असते, आणि नको म्हणणाऱ्याला आपल्या इच्छेची दिशा कळलेली असते.

युरोपीय साहित्यातील सुप्रसिद्ध नास्तिवादी ह्या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. तुर्गेनेव्हच्या १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पिते आणि पुत्र’ ह्या कादंबरीतील बाझारोव्ह हा वैद्यकाचा अभ्यासक. तो बेडूक चिरून पाहतो आणि कला, परंपरा, अधिकार, प्रणय ह्या साऱ्यांस नकार देतो. परंतु रसायनशास्त्रावर आणि प्रत्यक्ष अनुभवावर त्याचा भरवसा पूर्ण आहे. त्याचे ‘नाही’ हे युक्तिवादाचे ‘नाही’ आहे. त्याच्याजवळ प्रतिज्ञा आहे, हेतू आहे, आणि म्हणून त्याला खोडून काढणेही शक्य आहे. तुर्गेनेव्ह हे खंडन कथानकाकरवी करवितो. बाझारोव्ह ज्या प्रेमाला थोतांड समजतो तेच ओदिन्त्सोव्हाच्या रूपाने त्याला गाठते, आणि पुढे प्रेताच्या विच्छेदनातून जडलेल्या संसर्गाने त्याचा अंत होतो. कबरीपाशी म्हातारे आईबाप उरतात. वाद हरतो, कारण वाद होता.

मराठीत ‘कोसला’च्या आधी निराशेचा तीव्र स्वर उमटला तो बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेत. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ सालचा. परंतु तेथे यंत्रयुगाने चिरडलेल्या मनुष्याची वेदना पुष्कळदा ओवी आणि अभंग ह्या संतपरंपरेच्या साच्यांत ओतलेली आहे. साच्याबरोबर संबोधन येते आणि संबोधनाबरोबर ज्याला उद्देशून बोलावयाचे असा कोणीतरी येतो. तो उत्तर देत नसला तरी त्याची जागा राखून ठेवलेली असते. मर्ढेकरांची निराशा म्हणून तक्रारीचे रूप घेऊ शकते.

पांडुरंग सांगवीकराला बाझारोव्हची प्रतिज्ञा उपलब्ध नाही, आणि मर्ढेकरांचे संबोधनही नाही. खानदेशातील सांगवी ह्या खेड्यातून तो पुण्यास शिकावयास येतो. वसतिगृहात राहतो, खाणावळीची व्यवस्था अंगावर घेतो, महाविद्यालयातील मंडळांच्या उलाढाली करतो. पैशांचा गोंधळ होतो, परीक्षा बिघडते, आणि अखेर तो गावी परततो. ह्या सगळ्या प्रवासात तो आपले असे तत्त्वज्ञान मांडावयास बसत नाही. वर दिलेल्या चार निषेधरूपांपैकी कोणतेही त्याच्या बोलण्याचा कणा नाही. त्याची नास्तिवृत्ती निषेधवाचक शब्दांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही, आणि ह्यामुळेच टीकाकारांची फसगत झालेली दिसते. ती वृत्ती वसलेली आहे ती वरवर निरुपद्रवी अशा दोन अव्ययांत.

४

‘उदाहरणार्थ’ हा शब्द पाठ्यपुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून मराठी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याचे काम काय? न्यायशास्त्राने परार्थानुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. धूर दिसतो म्हणून, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. पर्वत तसाच धूरयुक्त आहे, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. उदाहरण तिसरे येते. त्याच्या आधी काहीतरी सिद्ध करावयाचे असते आणि त्याच्यानंतर काहीतरी सिद्ध झालेले असते. एकट्या स्वयंपाकघराला उदाहरण म्हणता येत नाही. ते कशाचे तरी उदाहरण असावे लागते.

सांगवीकर नेमके हेच तोडतो. कादंबरीच्या अगदी आरंभी तो आपले नाव सांगतो, आणि पंचवीस वर्षांचे आपले वय सांगतानाही ‘उदाहरणार्थ’ हा शब्द मध्ये घालतो. मनुष्याचे वय हे कशाचे उदाहरण? वाचक प्रथम हसतो. पुढे हाच शब्द जेव्हा मित्र, अभ्यासक्रम, फिरणे, पैसा, गाव ह्यांपैकी कशाशीही येऊ लागतो, तेव्हा त्या हसण्याखालून एक निराळी जाणीव वर येते. ह्या मनुष्याजवळ उदाहरणेच उदाहरणे आहेत. ज्यासाठी ती द्यावयाची ती प्रतिज्ञा त्याच्याजवळ नाही, आणि निगमन येण्याची त्याला अपेक्षाही नाही. ‘अर्थ’ हे पद शब्दाच्या शेवटी आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘साठी’ असा आहे. कशासाठी, हे मात्र रिकामे राहते.

‘वगैरे’ची घटना ह्याला पूरक आहे. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘आणि त्याहून अन्य’ असा त्याचा मूळ अर्थ. गैरहजर, गैरसमज, गैरसोय ह्या शब्दांतील ‘गैर’ तोच होय. ‘इत्यादी’ हा त्याचा संस्कृत प्रतिनिधी मानण्यात येतो, परंतु दोहोंच्या कुळात फरक आहे. ‘आदि’ म्हणजे आरंभ. पाणिनी सर्वादि असे म्हणतो तेव्हा ‘सर्व’ शब्दापासून सुरू होणारा एक ठरलेला गण त्याच्या मनात असतो आणि तो गणपाठात मोजून दिलेला असतो. ‘इत्यादी’च्या मागे यादी असते. ‘वगैरे’च्या मागे यादी असेलच असे नाही, असतील तसल्या आणखी काही गोष्टी, इतकेच ते सुचविते. सांगवीकर ‘वगैरे’ म्हणतो तेव्हा त्या गोष्टी कोणत्या हे विचारण्यात हशील नसते. उल्लेखिलेली गोष्ट एकटी नाही आणि म्हणून महत्त्वाची नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

दोन्ही शब्दांचा व्यापार मिळून असा दिसतो. ‘उदाहरणार्थ’ वस्तूला एका वर्गातील नमुना बनविते. ‘वगैरे’ त्या वर्गाची सीमा पुसते. वस्तूचे अस्तित्व कोणी नाकारीत नाही. तिचे अनन्यत्व जाते, आणि ज्या सामान्याच्या आधाराने तिला अर्थ यावयाचा ते सामान्यही जाते. सांगवीकराच्या नास्तिवृत्तीची व्याख्या करावयाची तर अशी करावी लागेल. सर्व काही आहे, परंतु ते कशाचेही नाही.

ही वृत्ती राहण्याजोगी आहे, ही गोष्ट टीकाकारांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. बाझारोव्हला आपला नकार सतत सांभाळावा लागतो. सांगवीकराला काहीच सांभाळावे लागत नाही. खाणावळीच्या हिशेबात खोट येते, ती ‘वगैरे’त जाते, परीक्षेतले अपयशही तेथेच जाते. तो मित्रांबरोबर फिरतो, विनोद करतो, माणसे न्याहाळतो, आणि हे सारे तो मनापासून करतो. कादंबरी वाचताना जो प्रसन्नपणा वारंवार जाणवतो त्याचा उगम येथेच आहे. ज्याला काहीच सिद्ध करावयाचे नाही त्याच्या नजरेला बारीकसारीक गोष्टी स्वच्छ दिसतात. महाविद्यालयीन घडामोडींना इतिहाससंशोधनाच्या भाषेचा वेष चढविणारा भाग घेतला तर तोही ह्याच व्यापाराचा विस्तार आहे. पुरेशा अंतरावरून पाहिले की आजचे सारे कलह एखाद्या लुप्त संस्कृतीचे नमुने होऊन जातात. रोजनिशीच्या रूपातला भागही तसाच. रोजनिशीत नोंदींना क्रम असतो, निगमन नसते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. हे दोन शब्द त्या काळच्या वसतिगृहांतील बोलण्याची लकब असतील, आणि लेखकाने त्यांचा हुबेहूब वापर केला असेल. त्यांतून एवढा अर्थ काढणे कितपत रास्त? आक्षेपातील पहिला भाग मान्य करण्यास हरकत नाही. परंतु लकब कोठून आली हे पाहिले की तिचा अर्थ कमी न होता वाढतो. ‘उदाहरणार्थ’ हा वर्गातला शब्द आहे. शिक्षणाने ह्या खेड्यातल्या मुलाला जी प्रमेये शिकविली ती त्याच्या जगण्यास लागू पडली नाहीत. ती गळून पडली, आणि ती समजावून देताना वापरलेला शब्द तेवढा जिभेवर राहिला. ‘वगैरे’ हा कचेरीतला, पत्रांतला आणि घरातला शब्द. एक शब्द पुण्याचा आणि एक गावाचा, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. दोन्ही ठिकाणच्या भाषांनी त्याला जे दिले त्यातून त्याने आपली वृत्ती विणली. नेमाडे ह्यांनी स्वतः पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अभ्यास १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, ही गोष्ट ध्यानात घेतली तर शब्दांविषयीची त्यांची जाण केवळ योगायोगाची मानण्याचे कारण उरत नाही.

५

ह्या राहण्याजोग्या वृत्तीला तडा जातो तो मनीच्या मृत्यूने. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती बालवयात देवीच्या रोगाने जाते. जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली घोषित केले. ‘कोसला’ लिहिली गेली तेव्हा मात्र तो घराघरांतील जिवंत भय होता. त्याचे मराठीतील नावच विचार करण्याजोगे आहे. ‘देवी आल्या’ असे आदरार्थी बहुवचनाने म्हणण्यात रोगाचे कारण, त्याचा अर्थ आणि त्यापुढे वागण्याची रीत ही तिन्ही एकवटली होती. गावाजवळ, म्हणजे मनीच्या मृत्यूभोवती जमलेल्या जगाजवळ, निगमन तयार होते. पांडुरंगाला ते घेता येत नाही, आणि त्याच्या जागी ठेवावयाला त्याच्याजवळ दुसरे काही नाही.

प्रश्न असा की, मनीला ‘उदाहरणार्थ’ म्हणता येईल काय? ह्या पृष्ठांत तो शब्द किती वेळा येतो ह्याची गणती येथे निर्णायक नाही. शब्द आला तरी त्याचे काम होते की नाही हे पाहावयाचे. भाषाविज्ञानात एखाद्या पदाचे कार्य ठरविताना त्याच्या जागी दुसरे पद ठेवून पाहण्याची पद्धत आहे. उदाहरण हे व्याख्येनेच बदलता येणारे पद होय. स्वयंपाकघराऐवजी लोहाराची भट्टी चालते. अनुमानास बाध येत नाही. मनीच्या जागी दुसरी कोणतीही मुलगी ठेवून चालत नाही. ती वर्गातील नमुना होऊ शकत नाही, आणि तेथे सांगवीकराच्या भाषेचा सारा व्यापार अडतो.

‘वगैरे’चे तर त्याहून विलक्षण आहे. विशेषनामापुढे आले असता ह्या शब्दाला मराठीत एक निराळा अर्थ प्राप्त होतो. ‘आत्या वगैरे आल्या’ असे म्हटले की आत्या आणि तिच्याबरोबरची माणसे आली, असा बोध होतो. येथे ‘वगैरे’ सीमा पुसत नाही. एका व्यक्तीभोवती तिचा गोतावळा गोळा करते. व्यक्ती मध्यभागी आणि बाकीचे तिच्या नात्याने. घरातल्या बोलण्यातले हे जुने ‘वगैरे’ सांगवीकराच्या ‘वगैरे’च्या नेमके उलट आहे. मनी गेली आणि तिच्या नावाभोवती घरातली माणसे गोळा करणारे हे ‘वगैरे’ही गेले. ज्या शब्दाचा आजवर ढालीसारखा उपयोग झाला त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थात काय गमावले हे नोंदलेले आहे.

बौद्ध परंपरेतील किसा गोतमीची कथा ह्या संदर्भात आठवते. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला बुद्धाने ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहऱ्या आणावयास सांगितले. तसे घर तिला मिळाले नाही. तिचे सांत्वन झाले ते आपले मूल हे अनेकांतील एक आहे, मरण हा सर्वांचा धर्म आहे, हे कळल्यामुळे. तिचे मूल उदाहरण झाले, आणि प्रतिज्ञा तिच्यासमोर उभी राहिली. ‘कोसला’त मनीच्या मृत्यूनंतर अजिंठ्याचे प्रकरण येते, आणि पांडुरंग तेथील बुद्धासमोर उभा राहतो. त्याच्या हयातीत येथे प्रथमच एक उदाहरण आणि त्याला साजेशी प्रतिज्ञा समोरासमोर येतात. एका बाजूस बहिणीचे मरण आहे आणि दुसऱ्या बाजूस जीवन दुःखमय आहे हे आर्यसत्य. जन्मभर ‘उदाहरणार्थ’ म्हणत आलेल्या मनुष्याने आता निगमन काढावे, अशी सोय झालेली असते.

तो ते काढीत नाही. अजिंठ्याहून तो उपासक होऊन परतत नाही. आजवर ज्याला प्रत्येक गोष्ट उदाहरण वाटली, त्याला एकच उदाहरण, जे खरोखर सांत्वन देऊ शकले असते, ते उदाहरण म्हणून स्वीकारता येत नाही. ह्या नकाराला नास्तिवृत्ती म्हणता येणार नाही. जी वस्तू कशाचेही उदाहरण होऊ शकत नाही अशी एक वस्तू जगात आहे, हे त्याला कळलेले आहे. हे कळणे त्याला सुखी करीत नाही. त्याने फक्त त्याची पूर्वीची निर्धास्त भाषा बिघडते. ह्या कादंबरीवर नास्तिवादाचा प्रचार केल्याचा आरोप ज्यांनी केला त्यांना, आणि तिला नास्तिवादाचे तत्त्वज्ञान म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतले त्यांनाही, ह्या प्रकरणाची संगती लावून दाखविणे कठीण जाईल.

६

ह्यावरून कादंबरी सर्वस्वी निर्दोष आहे असा निष्कर्ष काढू नये. मनीला वर्गाबाहेर काढले, तो न्याय इतरांच्या वाट्यास आलेला नाही. विशेषतः वडिलांच्या बाबतीत हे खटकते. त्यांच्याविषयीचा कडवटपणा खरा आहे आणि तो लपविलेला नाही. तथापि ते पुष्कळदा ‘बाप’ ह्या वर्गाचे प्रतिनिधी म्हणूनच उभे राहतात. वृत्तीने सर्व वस्तू समान लेखाव्या असा तिचा दावा, आणि प्रत्यक्षात मेलेल्या बालिकेला सूट मिळते, जिवंत प्रौढाला मिळत नाही. ज्याच्याशी रोज भांडावे लागते त्याला अनन्य मानणे अधिक अवघड असते, हे खरे. परंतु ह्या अवघडपणाची जाणीव निवेदकाला व्हावी तितकी झालेली दिसत नाही. ‘वगैरे’च्या ढालीमागे मनुष्याला स्वतःच्या चुकांपासूनही संरक्षण मिळते, ही त्या ढालीची सोय आणि तिचा दोषही होय.

तरीही कादंबरीच्या उत्तरभागात ह्याची थोडीशी भरपाई झालेली आहे. सांगवीकर गावी परततो तेव्हा त्याला तेथे आपल्यासारखेच तरुण भेटतात, शिकून रिकामे बसलेले, दिवस ढकलणारे. पुण्यात तो प्रत्येक वस्तूकडे नमुना म्हणून पाहत होता. येथे तो स्वतः नमुना आहे. शिक्षणासाठी शहरात जाऊन परतलेल्या, पंचविशीच्या आत बाहेर असलेल्या अनेकांपैकी तो एक ठरतो. कादंबरीची अर्पणपत्रिका शंभरांतल्या नव्व्याण्णवांना उद्देशून आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आणि मग कादंबरीच्या पहिल्या पानाकडे परत जावे लागते. निवेदन करणारा पंचवीस वर्षांचा सांगवीकर हा सर्व काही घडून गेल्यानंतरचा सांगवीकर आहे. त्याने आपल्या वयासंबंधी ‘उदाहरणार्थ’ म्हटले तेव्हा वाचक हसला, कारण वय हे कशाचेच उदाहरण नाही असे त्याला वाटले. शेवटी कळते की ते उदाहरण होते. त्या वयाच्या एका संपूर्ण पिढीचे ते उदाहरण होते, आणि प्रतिज्ञा निवेदकाने आधी न सांगता साऱ्या कादंबरीभर पसरून ठेवली होती.

नास्तिवृत्तीने जगणे शक्य आहे काय, ह्या प्रश्नाला ‘कोसला’ने दिलेले उत्तर ह्या दोन टोकांमध्ये सापडते. एका टोकाला मनी आहे, जिला उदाहरण करता येत नाही. दुसऱ्या टोकाला पांडुरंग स्वतः आहे, ज्याला आपण उदाहरण आहोत हे नाकारता येत नाही. मधल्या विस्तीर्ण भागात ही वृत्ती चांगली चालते. माणसाला ती जेवू देते, हसू देते, मैत्री करू देते, आणि बारकाईने पाहूही देते. सांगवीकर जीव देत नाही, संन्यास घेत नाही, बंडाचा झेंडाही उभारीत नाही. तो आपली हकीकत सांगतो. कादंबरीच्या शीर्षकातला कोश किडा आपल्याच लाळेच्या धाग्याने विणतो, आणि त्याच्या आतून पुढे काय बाहेर येईल हे कोशावरून सांगता येत नाही. निवेदकाच्या बाबतीत तो धागा म्हणजे हे दोन शब्द होत. ‘कोसला’वरील पुढील अभ्यासात सांगवीकराच्या मतांची यादी करण्याऐवजी, नेमाडे ह्यांच्या ‘बिढार’ (१९७५) आणि ‘जरीला’ (१९७७) ह्या नंतरच्या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटलाची वाक्यरचना ह्या दृष्टीने तिच्याशी ताडून पाहिल्यास, ही वृत्ती त्या लेखनात कोठे टिकली आणि कोठे सुटली ह्याचा निर्णय अधिक नेमकेपणाने करता येईल.